पश्चिम घाटाचे जैवभौगोलिक प्रदेश आकडेवारीतून कसे पाडावेत? नकाशे वेगवेगळे का येतात आणि कोणती रेषा खरी मानायची

प्रश्न असा आहे. पश्चिम घाटातले वृक्ष, बेडूक आणि पक्षी यांच्या आढळाच्या नोंदी जीबिफ, ईबर्ड हे खुले माहितीसाठे आणि स्वतःच्या फिल्डवर्कमधून जमवल्या. घाटावर चौकोनांचं जाळं टाकलं, प्रत्येक चौकोनात कोणत्या प्रजाती आहेत याची सारणी केली आणि आर या संगणकीय भाषेत क्लस्टरिंग, म्हणजे सारख्या चौकोनांचे गट पाडण्याची प्रक्रिया, चालवलं. पद्धत बदलली की नकाशा बदलतो: एकीत चार प्रदेश येतात, दुसरीत सहा, तिसरीत तीन. यातला बरोबर नकाशा कोणता आणि प्रदेश किती धरायचे?

माझं मत आधीच सांगतो. क्लस्टरिंगची पद्धत कोणती, हा या कामातला सर्वांत कमी महत्त्वाचा निर्णय आहे. नकाशा बहुतांशी त्याआधीच ठरून गेलेला असतो: चौकोन केवढा घेतला, कुठले चौकोन पुरेसे पाहिले गेलेत आणि दोन चौकोनांतली भिन्नता कोणत्या सूत्राने मोजली, यावर. नकाशा हातात आल्यावरही 'प्रदेश किती' हा प्रश्न दुय्यमच आहे. 'ही रेषा खरी आहे का' हे प्रत्येक रेषेबाबत वेगळं तपासावं लागतं. बऱ्याच प्रबंधांत ही दोन्ही टोकं एकेका परिच्छेदात उरकलेली असतात आणि सगळा भर मधल्या अल्गोरिदमवर असतो. म्हणूनच हे उत्तर जरा विस्ताराने लिहितो आहे.

जगाचे प्राणिभौगोलिक प्रदेश पाडण्याची सुरुवात स्क्लेटरने १८५८ मध्ये पक्ष्यांवरून केली. वॉलेसने १८७६ मध्ये तेच सहा प्रदेश इतर प्राण्यांना लावून पक्के केले. त्याने आपल्याकडच्या 'ओरिएंटल' प्रदेशाचे चार उपप्रदेश केले होते आणि त्यात दक्षिण भारताचं टोक उरलेल्या भारतात न घालता श्रीलंकेबरोबर ठेवलं होतं. हे सगळं काम अफाट वाचन आणि जाण यांच्या बळावर झालेलं होतं. पण त्याच माहितीवरून दुसऱ्या जाणकाराने वेगळी रेषा ओढली असती तर कोण बरोबर, हे ठरवायला साधन नव्हतं. आकडेवारीच्या पद्धतींनी ती सोय केली. तीच सारणी आणि तेच टप्पे घेतले तर पुण्यात बसून काढलेला नकाशा आणि कोपनहेगनमध्ये बसून काढलेला नकाशा एकच यायला हवा. २०१३ मध्ये होल्ट आणि सहकाऱ्यांनी उभयचर, पक्षी आणि सस्तन प्राणी मिळून २१,०३७ प्रजातींवरून वॉलेसचा नकाशा नव्याने मांडला, तेव्हा २० प्रदेश आणि त्यांचे ११ मोठे गट निघाले. आपल्याकडे व्यवहारात चालतो तो रॉजर्स आणि पनवार यांचा १९८८ चा आराखडा. त्यात भारताचे दहा जैवभौगोलिक विभाग आहेत आणि पश्चिम घाट हा त्यांतला एक. अभयारण्यांच्या नियोजनासाठी तो आजही उपयोगी आहे, पण तो जाणकारांनी ठरवलेला आराखडा आहे. प्रजातींच्या सारणीतून निघालेला तो नकाशा नव्हे. तुमचा निकाल त्याच्याशी जुळलाच पाहिजे असं काही नाही.

आता चौकोन. पश्चिम घाट सुमारे १६०० किमी लांब आहे, पण रुंदीला अगदी थोडा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत पंचवीस किमीच्या आत असलेल्या वाईला हजार मिमीही नाही. एक अंशाचा चौकोन म्हणजे बाजू जवळजवळ ११० किमी. उत्तर अक्षांश १७ ते १८ आणि पूर्व रेखांश ७३ ते ७४ असा एकच चौकोन घेतला, तर त्यात गुहागरचा किनारा, चिपळूणचं कोकण, कोयना-महाबळेश्वरचं सदाहरित जंगल आणि वाईचं कोरडं खोरं सगळं एकत्र येतं. या चौकोनाची प्रजातींची यादी पाहून तो कोणत्या प्रदेशाचा, हे कुठलाच अल्गोरिदम सांगू शकणार नाही. पालघाट खिंडीचंही तसंच. ती साधारण ३० ते ४० किमी रुंद. एक अंशाच्या जाळ्यात दक्षिणेकडचं नेल्लियांपती, मधली खिंड आणि उत्तरेकडचे शिरुवाणीचे डोंगर एकाच चौकोनात बसतात, आणि घाटातला सर्वांत मोठा खंड नकाशावरून पुसला जातो.

मग चौकोन लहान करत जावं, तर दुसरी अडचण उभी राहते. पाव अंशाला, म्हणजे २७-२८ किमीला, पालघाट दिसते. पण आणखी दक्षिणेकडची, दहा किमीहून अरुंद असलेली शेंकोट्टा खिंड तिथेही हरवते. ०.१ अंशावर गेलात तर बहुतेक चौकोनांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच नोंदी उरतात. प्रजातींच्या आढळक्षेत्राचे तयार बहुभुज, म्हणजे नकाशावर आखून ठेवलेल्या हद्दी, वापरणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. हर्लबर्ट आणि जेट्झ यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की असे नकाशे एक ते दोन अंशांपेक्षा बारीक पातळीवर भरवशाचे नसतात. बहुभुज कापून दहा किमीचे चौकोन भरता येतात, पण त्या बारकाव्याला पुराव्याचा आधार नसतो. घाटासाठी मी पाव अंश घेतो आणि तीच सगळी प्रक्रिया अर्ध्या अंशावर पुन्हा करतो. दोन्हीत टिकणाऱ्या रेषांवर लिहितो, एकीतच येणाऱ्या रेषांची नोंद वेगळी ठेवतो. शोलासारख्या उंचीवरच्या जंगलांसाठी चौकोनाचे उंचीप्रमाणे दोन भाग करावेत, १४०० मीटरच्या वरचा आणि खालचा. तसं न केल्यास निलगिरीच्या माथ्यावरचे आणि पायथ्याचे पक्षी एकाच यादीत येतात, आणि ते प्रत्यक्षात एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. समक्षेत्र प्रक्षेपण (चौकोनांचं क्षेत्रफळ सारखं राखणारी नकाशाची मांडणी) वापरावं हे खरं, पण त्याची फार चिंता नको: घाटाच्या उत्तर आणि दक्षिण टोकांच्या चौकोनांच्या क्षेत्रफळात फरक पडतो तो सहाएक टक्क्यांचा. काम काश्मीरपर्यंत न्यायचं असेल तर मात्र तो सतराच्या आसपास जातो आणि दुर्लक्ष करून चालत नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांत कंटाळवाणा, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक नकाशे बिघडतात ते इथेच. 'या चौकोनात ही प्रजाती नाही' असं सारणीत लिहिलेलं शून्य खरं आहे, की तिथे कोणी गेलंच नाही? प्रत्येक चौकोनासाठी हे मोजता येतं. एका दिवसाची एका ठिकाणची भेट हे एक नमुना-एकक धरा. समजा एका चौकोनात सर्व भेटी मिळून ६० प्रजाती दिसल्या. त्यातल्या १२ फक्त एकाच भेटीत दिसल्या आणि ६ नेमक्या दोन भेटींत. चाओ यांच्या सूत्राप्रमाणे न दिसलेल्या प्रजातींचा अंदाज म्हणजे एकदाच दिसलेल्यांचा वर्ग भागिले दोनदा दिसलेल्यांची दुप्पट: १४४ भागिले १२, म्हणजे १२. एकूण अंदाज ७२ आणि पूर्णत्व ८३ टक्के. हा चौकोन ठेवायला हरकत नाही. पन्नास टक्क्यांच्या खालचे चौकोन मी विश्लेषणातून काढतो आणि नकाशावर राखाडी ठेवतो. राखाडी चौकोन पाहून परीक्षक नाराज होतात, पण ज्या जागेची माहिती नाही तिथे रंग भरणं ही वाचकाची फसवणूक आहे.

सर्वेक्षणातला असमतोल राज्यांच्या हद्दींवर ठळक होतो. केरळात २०१५ ते २०२० या काळात लोकसहभागातून पद्धतशीर बर्ड ॲटलास झाला. शेजारच्या राज्यांत त्या दर्जाचं सलग काम नाही. त्यामुळे पक्ष्यांच्या सारणीत केरळ-तामिळनाडू सीमेवर एक सुबक रेषा उमटण्याची दाट शक्यता आहे. अडचण अशी की ही सीमा बरीचशी घाटाच्या माथ्यावरून जाते, आणि माथ्याच्या पूर्वेला पर्जन्यछाया असल्यामुळे तिथे निसर्गतःही बदल होतो. म्हणजे रेषा नोंदींच्या असमतोलाची की पावसाची, हे तिथे वेगळं काढता येत नाही. कसोटी घ्यायची तर चोर्ल्याला घ्या. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक तिथे एकमेकांना भिडतात. डोंगर एकच, पाऊस सारखा, जंगल सलग. तुमच्या नकाशातली रेषा तिथे राज्याच्या हद्दीला चिकटून चालली असेल, तर तुमच्या हातात सर्वेक्षणाचा नकाशा आहे, आणि पूर्णत्वाच्या टप्प्यावर परत जायला हवं.

नोंदींची सफाई हा वेगळ्या उत्तराचा विषय आहे, पण दोन-तीन गोष्टी सांगतोच. एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहालयी चिठ्ठ्यांवर नुसतं 'मलबार' लिहिलेलं असतं आणि नंतर कोणीतरी त्याला एका बिंदूचे अक्षांश-रेखांश चिकटवलेले असतात. जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर पडलेल्या नोंदींचंही तेच. एकाच बिंदूवर न पटण्याइतक्या प्रजाती जमलेल्या दिसल्या की संशय घ्यावा. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सिल्व्हर ओक ही लावलेली झाडं काढून टाका, नाहीतर चहाचे मळे असलेले सगळे डोंगर एका प्रदेशात जातील. पक्ष्यांत हिवाळी पाहुणे काढून फक्त विणीचा आढळ ठेवा. आणि नावं जुळवा. दक्षिणेच्या शोलातला लाफिंगथ्रश गेल्या काही दशकांच्या नोंदींत गॅर्युलॅक्स, स्ट्रोफोसिंकला, ट्रोकॅलोप्टेरॉन आणि आता मोंटेसिंकला अशा चार कुलनामांखाली (जीनस, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द) सापडतो. नावं जुळवली नाहीत तर एकच पक्षी सारणीत चारदा येतो, आणि कोणत्या चौकोनात कुठलं नाव हे नोंद कोणत्या काळातली यावर ठरतं.

आता भिन्नतेचं सूत्र. इथे थांबून नीट पाहू, कारण घाटाच्या बाबतीत सगळा अर्थ इथेच ठरतो. दोन चौकोनांत सामाईक प्रजाती 'क', फक्त पहिल्यातल्या 'ख', फक्त दुसऱ्यातल्या 'ग'. सोरेन्सन भिन्नता म्हणजे (ख + ग) भागिले (२क + ख + ग). बीटा-सिम म्हणजे ख आणि ग यांतला लहान आकडा भागिले (क + तोच लहान आकडा).

कल्पित आकडे घेऊ. दक्षिणेतल्या एका चौकोनात वृक्षांच्या १२० प्रजाती, उत्तरेतल्या एकात ४५, सामाईक ४०. मग ख ८० आणि ग ५. सोरेन्सन येतं ८५ भागिले १६५, म्हणजे ०.५२. बीटा-सिम येतं ५ भागिले ४५, म्हणजे ०.११. आता दुसरी जोडी: दोन्ही चौकोनांत ४५-४५ प्रजाती, सामाईक २२. सोरेन्सन ४६ भागिले ९०, म्हणजे ०.५१. बीटा-सिमसुद्धा ०.५१. सोरेन्सनच्या लेखी दोन्ही जोड्या सारख्याच. प्रत्यक्षात पहिल्या जोडीत उत्तरेची यादी दक्षिणेच्या यादीतूनच गळत गळत उरलेली आहे, आणि दुसऱ्या जोडीत निम्म्या प्रजातींच्या जागी दुसऱ्याच आलेल्या आहेत. बासेल्गाने २०१० मध्ये याच दोन घटकांची फोड करून दिली: सोरेन्सनमधून बीटा-सिम वजा केलं की उरतो तो केवळ यादी लहान-मोठी असण्यामुळे आलेला भाग. पहिल्या जोडीत तो ०.४०, दुसऱ्या जोडीत शून्य.

पश्चिम घाटाच्या सदाहरित वृक्षांत ही पहिली जोडी पदोपदी भेटते. कोरडा काळ दक्षिण टोकाला तीन-चार महिन्यांचा किंवा त्याहून कमी, आणि आपल्याकडे उत्तरेत सात-आठ महिन्यांचा. दक्षिणेकडून वर येताना हा ताण न सोसणारे वृक्ष एकामागून एक गळतात. महाबळेश्वरच्या जंगलात अंजनी आणि जांभूळ हे मुख्य वृक्ष आहेत, आणि ते दक्षिणेतही सापडतात. त्यामुळे बीटा-सिम लावलं की उत्तर घाट दक्षिणेत विरघळतो, आणि सोरेन्सन लावलं की ठळक तुटतो. दोन्ही नकाशे खरे आहेत. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. 'इथल्या प्रजातींचा गोतावळा वेगळा आहे का' असं विचारायचं असेल, तर बीटा-सिम. जैवभौगोलिक प्रदेश म्हणजे हाच प्रश्न, म्हणून मुख्य नकाशा मी त्यावरच काढतो. सोरेन्सन किंवा त्याच धाटणीच्या जॅकार्ड सूत्राचा नकाशा घाटात बऱ्याच अंशी प्रजातींच्या संख्येचाच नकाशा ठरतो. पण उरलेल्या घटकाचा नकाशा शेजारी छापायलाच हवा. नाहीतर उत्तर घाटाला वेगळं काही नाही असा अर्थ काढला जाईल, आणि तो संवर्धनाच्या दृष्टीने धोक्याचा आहे.

तो अर्थ चुकीचाही आहे, हे सड्यांवर गेलं की कळतं. कास, आंबोली, चाळकेवाडीची कातळी पठारं, आणि त्यांवरच्या पावसाळी वनस्पती पाहा. साताऱ्याच्या सड्यांवरचा वायतुरा, कंदीलपुष्पाच्या कितीतरी प्रजाती. या दक्षिणेच्या यादीतून गळून उरलेल्या नाहीत, त्यांचा पसाराच उत्तर घाटाचा आहे. वृक्षांची सारणी घेतली तर उत्तर घाट उपसंच, कातळावरच्या छोट्या वनस्पतींची घेतली तर स्वतंत्र प्रदेश. म्हणून वृक्ष, बेडूक आणि पक्षी यांची एकच सारणी करू नका. तिन्हींचे नकाशे वेगळे काढा आणि मग एकमेकांवर ठेवून पाहा.

बीटा-सिमची एक कमजोरी सांगायला हवी. चौकोनात तीनच प्रजाती असतील, तर एका बेडकाची ओळख चुकली की आकडा ०.३३ ने उडी मारतो. म्हणून पाचपेक्षा कमी प्रजातींचे चौकोन वगळावेत. उभयचरांसाठी मी आणखी कडक राहतो. शिवाय एक यादी दुसरीचा पूर्ण उपसंच असेल तर बीटा-सिम नेमकं शून्य येतं, आणि घाटाच्या उत्तरेत अशी शून्यं ढिगाने येतात. याचा परिणाम पुढच्या टप्प्यावर होतो.

पद्धतींकडे येऊ. क्रेफ्ट आणि जेट्झ यांनी २०१० मध्ये जगभरातल्या भूचर सस्तन प्राण्यांवर बऱ्याच क्लस्टर पद्धती ताडून पाहिल्या. त्यात यूपीजीएमए, म्हणजे सरासरी अंतरावर गट जोडत जाणारी पद्धत, सरस ठरली. कसोटी होती कोफेनेटिक सहसंबंधाची: डेंड्रोग्राममधून, म्हणजे गट कसे जोडले गेले ते दाखवणाऱ्या झाडातून, वाचलेलं अंतर मूळ भिन्नतेशी किती जुळतं. वॉर्डची पद्धत दिसायला नीटनेटके, सारख्या आकाराचे गट देते. पण ती युक्लिडीय (साध्या भूमितीतलं सरळ) अंतर गृहीत धरते, बीटा-सिम तसं नाही, आणि निसर्गातले प्रदेश सारख्या आकाराचे असावेत याला काही कारणही नाही. प्रश्नातले सहा प्रदेश तिथूनच आले असावेत. यूपीजीएमएलाही एक खोड आहे. समान अंतरं असली की कोणती जोडी आधी जोडायची हे सारणीतल्या ओळींच्या क्रमावर ठरतं. वर सांगितलेली शून्यं म्हणजे अशा बरोबऱ्यांची खाणच. ओळी उलटसुलट करून तोच कोड पुन्हा चालवा. झाड बदललं तर दचकू नका, पण एकच झाड छापूही नका. आर मधलं रीक्लस्टर हे पॅकेज नेमक्या याच दुखण्यावर २०१३ मध्ये आलं. ते ओळींचा क्रम बदलून अनेक झाडं काढतं आणि त्यांचं सहमतीचं झाड देतं.

इन्फोमॅप हे जाळ्यांतले गट शोधणारं सॉफ्टवेअर वेगळ्या वाटेने जातं. ते चौकोनांमधली भिन्नता मोजतच नाही. एका बाजूला प्रजाती, दुसऱ्या बाजूला चौकोन, आढळ असेल तिथे दुवा, असं जाळं करून त्यावर एक भटका सोडल्यासारखं गणित करतं. भटका ज्या भागात जास्त काळ घुटमळतो तो एक प्रदेश. व्हिल्हेना आणि अँटोनेली यांनी २०१५ मध्ये हे जैवभूगोलात आणलं. मला ते आवडतं, कारण प्रदेशाबरोबर त्या प्रदेशाची ओळख ठरणाऱ्या प्रजातीही ते समोर ठेवतं. गटांची संख्याही आधी सांगावी लागत नाही. पण 'संख्या आपोआप आली' म्हणून ती निसर्गाने सांगितली असं समजू नये. दुव्यांना नोंदींच्या संख्येचं वजन दिलं तर भटका जिथे निरीक्षक जास्त तिथेच रेंगाळतो. आढळ आहे किंवा नाही, एवढंच द्या.

इथे प्रदेशनिष्ठ प्रजातींबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. आंबोली टोडचं वर्णन २००९ मध्ये झालं आणि तो आंबोलीच्या परिसरातलाच. सिंधुदुर्गातल्या कोणालाही विचारा, आंबोलीचं वेगळेपण सांगताना त्याचं नाव आधी येईल. पण रेषा ओढण्याच्या कामी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. तो एकाच चौकोनात असल्यामुळे कोणत्याही दोन चौकोनांना जोडत नाही. फक्त आपल्या चौकोनाला इतरांपासून दूर ढकलतो. सगळीकडे आढळणारा बेडूकही रेषा ओढत नाही. रेषा ओढतात मधल्या पल्ल्याच्या प्रजाती, ज्या दहा-वीस चौकोनांत आहेत आणि मग अचानक थांबतात. प्रत्येक रेषेसाठी अशा प्रजातींची यादी काढा. ती यादी चारच नावांची निघाली, तर त्या चार नावांची ओळख आणि नोंदी पुन्हा तपासल्याशिवाय रेषेवर एक वाक्यही लिहू नका.

प्रजातींऐवजी वंशवृक्षावरून भिन्नता मोजावी का? होल्ट यांनी तसंच केलं होतं. घाटात याचा फरक पाहायला शोलाचे पक्षी उत्तम. वर आलेल्या लाफिंगथ्रशच्या मोंटेसिंकला या कुलनामाखाली २०१७ पासून चार प्रजाती मानल्या जातात आणि त्या डोंगरांच्या ठिगळांनी वाटल्या गेल्या आहेत: निलगिरी, बाणासुर, पळणी-अनैमलई आणि शेंकोट्टाच्या दक्षिणेचे अशांबू डोंगर. प्रजातींच्या हिशेबाने पालघाट ओलांडताच पक्षी पूर्ण बदलतो. वंशवृक्षाच्या हिशेबाने दोन्हीकडे एकाच छोट्या फांदीची पानं आहेत, म्हणजे बदल थोडाच. मी दोन्ही काढतो. प्रजातींच्या नकाशात रेषा आहे आणि वंशवृक्षाच्या नकाशात नाही, तर विभागणी अलीकडची. दोन्हीत असेल तर जुनी. यातून आणखी एक फायदा होतो: वर्गीकरणकारांनी एका प्रजातीच्या चार केल्या तरी वंशवृक्षावरचा नकाशा फारसा हलत नाही. बेडकांत, जिथे नवीन प्रजाती सतत वर्णिल्या जात आहेत, हे फार मोलाचं आहे. वॉलेसची श्रीलंकेची जोडणी याच नजरेने पाहता येते. वरच्या पातळीवर घाट आणि श्रीलंका यांच्यात पुष्कळ साम्य आहे. पण २००४ मध्ये बॉसूट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिमयुगांत समुद्र खाली जाऊन जमीन जोडली जात असूनही घाट आणि श्रीलंका यांच्या बऱ्याच प्राणिगटांत प्रदेशनिष्ठ वंश आपापल्या जागी राहिले.

आता मूळ मुद्दा: कोणती रेषा खरी? क्लस्टरिंग गट शोधत नाही, गट पाडतं. काकडी कुठेही कापली तरी चकत्या होतातच. त्यावरून काकडीला आतून सांधे होते असं ठरत नाही. घाट १६०० किमी लांब आणि अरुंद आहे, पावसाचा काळ दक्षिणोत्तर सावकाश बदलतो. प्रजाती कुठलाही खंड न पडता सावकाश बदलत गेल्या, तरी यूपीजीएमए तीन-चार प्रदेश देणारच. हे स्वतः करून पाहा. प्रत्येक प्रजातीच्या आढळाची दक्षिणोत्तर लांबी तीच ठेवा, पण तिचा मध्यबिंदू घाटावर यदृच्छेने सरकवा. अशा हजार खोट्या सारण्या करून प्रत्येकीवर तीच प्रक्रिया चालवा. खोट्या सारण्यांतही प्रदेश येतील, कोफेनेटिक सहसंबंधही बरा येईल. खऱ्या सारणीतली रेषा या गर्दीतून उठून दिसते का, ते पाहायचं.

दुसरी कसोटी सोपी आणि माझ्या मते सर्वांत बोलकी आहे. दोन चौकोन जितके दूर तितकी भिन्नता जास्त, हे अपेक्षितच. म्हणून अंतर सारखं ठेवून तुलना करा. साठ ते शंभर किमी अंतरावरच्या चौकोनांच्या सगळ्या जोड्या घ्या. त्यांतल्या पालघाट ओलांडणाऱ्या जोड्या एका बाजूला, खिंडीच्या एकाच अंगाला राहणाऱ्या दुसऱ्या बाजूला. खिंड खरी रेषा असेल तर पहिल्या गटाची भिन्नता स्पष्टपणे जास्त हवी. उंचावरच्या पक्ष्यांत ती असणार याबद्दल शंका नाही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शोलाच्या पक्ष्यांच्या जनुकीय अभ्यासातून खोल, रुंद दऱ्यांचा हा प्रभाव एकापेक्षा जास्त प्रजातींत दाखवला आहे. सखल भागातल्या वृक्षांत ती तितकी असेलच असं नाही, कारण त्यांच्यासाठी खिंड ही दरी नसून थोडा कोरडा पट्टा आहे. हीच कसोटी गोवा खिंडीला लावा. नकाशांत तिथे रेषा वारंवार उमटते, पण ती खंडाची की वाढत्या कोरड्या काळाची, याचं उत्तर अंतर आणि कोरडे महिने दोन्ही सारखे ठेवल्याशिवाय मिळत नाही.

तिसरी: यदृच्छेने वीस टक्के प्रजाती काढून क्लस्टरिंग हजार वेळा करा आणि शेजारच्या दोन चौकोनांमध्ये रेषा किती वेळा आली ते मोजा. नकाशावर रेषेची जाडी त्या प्रमाणात ठेवा. नव्वद टक्के वेळा येणारी रेषा जाड, चाळीस टक्केवाली पुसट.

एवढं झालं की 'किती प्रदेश' याचं उत्तर सोपं होतं. एकच आकडा देऊ नका. दोन, चार, सहा असे डेंड्रोग्रामचे छेद शेजारी-शेजारी दाखवा आणि प्रत्येक पातळीवर एकूण भिन्नतेचा किती वाटा प्रदेशांच्या मधला आहे ते लिहा. सिलुएट मूल्यं, म्हणजे चौकोन आपल्या प्रदेशाशी किती जुळतो याचे आकडे, चौकोनागणिक द्या. शून्याजवळचे किंवा उणे चौकोन म्हणजे संक्रमणाचे पट्टे, आणि त्यांना जबरदस्तीने एका बाजूला ढकलू नका. जिथे रेषा कसोट्यांवर टिकत नाही तिथे ती काढून टाका. त्या भागासाठी एनएमडीएसचे (चौकोनांमधली भिन्नता मोजक्या अक्षांवर मांडणाऱ्या पद्धतीचे) तीन अक्ष लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांना जोडून नकाशा रंगवा. शेजारचे चौकोन जितके सारखे तितके त्यांचे रंग जवळचे येतात. पालघाटला रंग एका चौकोनात पालटताना दिसला आणि कोयनेपासून शरावतीपर्यंत हळूहळू उतरत गेला, तर वृक्षांसाठी तुमचं उत्तर तेच आहे: दक्षिणेत एक खंड आणि उत्तरेत एक लांब उतरण. प्रबंधात प्रदेशांची संख्या लिहायचीच असेल तर या नकाशाखाली लिहा, आणि कोणत्या गटासाठी, कोणत्या चौकोनावर आणि कोणत्या सूत्राने ती आली, हे त्याच वाक्यात लिहा.